सांगणार मी होते

"अहो, लाथा मारून ते उघडत नाही."

पुढची लाथ मारायला उचललेला माझा पाय तसाच हवेत राहिला. वळून पाहिलं. मागच्या बाकावर एक माणूस बसला होता, गुडघ्यांवर मोजे मांडून. एका गुडघ्यावर काळे, दुसऱ्यावर निळे, आणि हातात एक एकटाच राखाडी.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी नाही."

"मग मोजे जुळवा गुपचूप."

त्यानं निमूट मान खाली घातली. पण हसत होता. मला ते दिसलं, आणि आणखी एक लाथ घालावीशी वाटली... मशीनला की त्याला, ते अजून ठरत नव्हतं.

काय झालं होतं ते सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला कपडे धुवायचं दुकान आहे. ओळीनं मशीनं मांडलेली. आपले कपडे आपण टाकायचे, आपण काढायचे. पूर्वी नाणं टाकलं की काम व्हायचं. मग मालकाला कुणीतरी अक्कल शिकवली. त्यानं नाण्याची फट बुजवली आणि तिथं एक पडदा बसवला: 'एकद्वार'नं आत या. एकद्वार म्हणजे एकच खातं, एकच पासवर्ड आणि त्यावर सगळं जग. 'एकदा आत, सगळीकडे आत!' अशी त्यांची जाहिरात. वाचनालय, बसचा पास, दवाखान्याची वेळ, गाणी, पुस्तकं, जिथं जावं तिथं तेच निळं बटण. आणि त्या दिवशी त्या एकद्वारला काय झटका आला कोण जाणे, 'संशयास्पद हालचाल' म्हणून त्यांनी माझ्या खात्याला कुलूप ठोकलं. संशयास्पद! मी! मी कपडे धुवायला आले होते! कपडे धुऊन झाले, तर दार उघडायला पुन्हा ओळख पटवा म्हणे, आणि ओळख काही पटेना. माझे कामाचे सगळे पांढरे कोट आत, आणि मी बाहेर काचेला नाक लावून.

"मी एकद्वारमध्येच काम करतो," मागून आवाज आला. "तक्रार विभागात. म्हणत असाल तर कुलूप काढून देतो."

मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याच्या हातातला राखाडी मोजा खाली पडला.

"म्हणजे हे तुमचं पाप!"

"माझं एकट्याचं नाही हो... आम्ही बरेच जण आहोत."

"खातं उघडलंत की तुम्हाला काय काय दिसेल?"

"आत्ता? नुसतं कुलूप. ते काढायला मला आत जावं लागत नाही. आणि तेही तुम्ही 'हो' म्हणालात तरच."

"हो," मी दातओठ खात म्हणाले.

त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला, काहीतरी टकटक केलं, आणि मशीनचं दार खट्कन उघडलं. ओले कोट माझ्या पायावर येऊन पडले. आम्ही दोघं एकदमच वाकलो.

"डॉक्टर आहात?"

"दात बनवते. खोटे."

"कुणाचे?"

"जे न विचारता बोलतात, त्यांचे पडतात. त्यांचे."

तो इतक्या मोकळेपणानं हसला की माझा राग क्षणभर कुठं ठेवला होता तेच मला आठवेना. मग आठवला. मी कोट गोळा केले आणि आभार न मानता निघाले.

घरी मला कुकर म्हणतात. शिट्टी कधी होईल सांगता येत नाही म्हणून. पण एकद्वारवरचा माझा राग उगाच नव्हता.

मागे माझ्या डोक्याला चाई पडली. आधी नाण्याएवढी एक चकती. मग तळहाताएवढी. मग बघता बघता सगळं डोकं मोकळं. केस येतीलही, नाही येणारही, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी विग घालायला लागले. विग छान आहे. शेजारच्या काकू अजून विचारतात, कुठलं तेल लावतेस ग. खरं काय ते फक्त आईला आणि ताईला माहीत. आणि एका गटाला. केस गेलेल्या बायकांचा तो गट आहे, इंटरनेटवर. 'इथं कुणी कुणाचं नाव विचारत नाही' असं पहिल्याच पानावर लिहिलेलं. त्या गटात शिरले त्या दिवशी रडून रडून डोळे सुजले होते, नवा पासवर्ड कोण करत बसणार? मी निळं बटण दाबलं. त्यांनी नाव विचारलं नाही हे खरं. पण एकद्वारनं माझा फोटो आपणहून उचलून आणला! लांब केसांचा! बायका बिचाऱ्या म्हणाल्या, अगं काढ तो लवकर.

फोटो काढला. तर दोन-चार दिवसांत लॅबच्या कॉम्प्युटरवर जाहिरात. प्लास्टर आणि मेण मागवायला मी एकद्वारनंच आत शिरले होते, आणि स्क्रीनवर भलीमोठी बाई केस उडवतेय: 'अगदी नैसर्गिक विग! खास तुमच्यासाठी!' साहेब चष्मा सरकवून म्हणाले, "विग कोण शोधतंय?" सगळ्यांनी आमच्या प्लास्टरवाल्या काकांच्या टकलाकडे पाहिलं. काका कानापर्यंत लाल झाले. मी खाली मान घालून एक दाढ घासत राहिले. ती दाढ नंतर इतकी बारीक झाली की पुन्हा करावी लागली.

एक सूड तेवढा मी आधीच उगवून ठेवला होता. खातं काढताना जन्मतारीख खोटी टाकली होती. माझा जन्म ऐन उन्हाळ्यातला. तिथं टाकला कडाक्याच्या थंडीतला. तुम्हाला काय करायचीय माझी तारीख? बसा शोधत!

पुढच्या आठवड्यात त्याच वेळी तो तिथंच होता.

"आज लाथा नाहीत?"

"आज मशीन शहाण्यासारखं वागतंय. तुमचं काय?"

"मी प्रयत्न करतोय..."

मग त्याच्या पुढच्या आठवड्यातही. माझे कोट, त्याचे मोजे. साबणाचा वास, मशीनची घरघर, गरम झालेली काच. एकदा माझे हात गारठले होते, तर त्यानं ड्रायरमधून नुकताच काढलेला ऊन ऊन टॉवेल काही न बोलता माझ्या हातांवर ठेवला. मी म्हणाले, "पंचवीस प्रकारचे मोजे आहेत तुमच्याकडे, एकही जोडी धड नाही." तो म्हणाला, "जोडी जमायला वेळ लागतो." मी म्हणाले, "फार वाह्यात बोलता तुम्ही." तो म्हणाला, "मग 'तू' म्हण ना. वाह्यात माणसाला कुणी 'तुम्ही' म्हणतं का?"

झालं. 'तू' म्हणायला लागले. ताईनं त्याचं नाव मोजेवाले ठेवलं आणि रोज विचारायला लागली, "काय म्हणतायत आमचे मोजेवाले?"

आम्ही कपडे सुकेपर्यंत फिरायला जायचो, कॉफी प्यायचो. आणि त्याला सगळं कसं अचूक सुचायचं! मी शोधून शोधून दमले होते ते जुनं पुस्तक त्यानं कुठूनतरी पैदा केलं. कॉफीच्या दुकानात गाणं लावायला सांगायचा, तर नेमकं मी घरी लावते ते. पंख्याखालचं टेबल कधी घ्यायचा नाही. रस्त्यात वारा सुटला की गप्पा मारता मारता वाऱ्याच्या बाजूला येऊन उभा राहायचा. विग वाऱ्यात सरकेल ही धास्ती मला कायमची असते, आणि हा आडोसा होऊन उभा! मला भरून यायचं. एवढी माया मला कधी कुणी...

"तुला कसं रे कळतं सगळं?"

"बघतो ना मी," तो म्हणाला. "तुझ्याकडे."

खरं सांगते, विरघळले मी. राग, कुकर, सगळं.

तेव्हाच ठरवलं. याला सांगायचं. माझ्या तोंडानं, माझ्या शब्दांत. केस गेले तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. ते कुणाला कधी कळावं एवढं तरी माझ्या हातात होतं, आणि तेवढ्याच एका गोष्टीला मी घट्ट धरून होते. ताईला समोर बसवून मी तालीमही केली. ताई त्याची भूमिका इतकी मनापासून करायची की मध्येच म्हणाली, "प्रिये, मला तुझं टक्कलही प्रिय आहे," आणि मी उशी फेकून मारली.

त्या दिवशी हवेत बोचरी थंडी होती. मी तालमीतली वाक्यं पुटपुटतच कॉफीच्या दुकानात शिरले. तो कोपऱ्यातल्या टेबलापाशी पाठीमागे काहीतरी लपवून उभा होता.

"मला काहीतरी सांगायचंय," मी म्हणाले.

"आधी माझं! डोळे मीट."

मिटले. उघडले. समोर छोटासा केक, त्यावर पेटलेली एक मेणबत्ती. आणि तो, लहान पोरासारखा खूश.

"वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा!"

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मी ज्योतीकडे बघत राहिले. माझा वाढदिवस उन्हाळ्यात असतो. मी झाले तेव्हा इतकं उकडत होतं की खिडकीला ओली चादर लावून आई मला झोपवायची, आजही सांगते. थंडीतली ही तारीख जगात एकाच ठिकाणी होती.

"कुणी सांगितलं तुला?"

"काय?"

"आज माझा वाढदिवस आहे म्हणून."

"तूच... कधीतरी बोलता बोलता म्हणाली असशील."

"मी नाही म्हणाले."

"मग तुझ्या ताईनं..."

"ताईला तू अजून भेटलेला नाहीस."

मेण केकवर ओघळायला लागलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"आज माझा वाढदिवस नाहीये," मी म्हणाले. "ती तारीख खोटी आहे. मी ती फक्त एकद्वारला दिली होती."

तो खुर्चीत टेकला. मग म्हणाला, "एकदाच उघडलं. तू त्या दिवशी कोट उचलून गेलीस, आणि मला... मला तुला परत भेटायचं होतं. तुला काय आवडतं तेवढं बघावं म्हणून..."

"काय काय पाहिलंस?"

"गाणी. पुस्तकं."

"आणखी?"

"दवाखाना."

"आणखी!"

त्यानं टेबलाकडे बघत अगदी हळू सांगितलं, "तो गट."

पंखा. वारा. आडोसा. मी ज्याला माया समजत होते, ते सगळं त्यानं वाचून केलं होतं! मी घरी बसून उशा फेकत तालीम करत होते, आणि हा पहिल्या कॉफीपासून माझ्या डोक्याकडे बघत होता. नव्हे, मुद्दाम बघत नव्हता.

"पण मला काहीच फरक पडला नाही ग," तो घाईघाईनं म्हणाला. "खरंच सांगतो. तू मला तशीच..."

"मला पडला!" मी इतक्या जोरात ओरडले की आजोबांनी कप खाली ठेवला. "सांगणार मी होते! आज! आत्ता! हेच सांगायला आले होते मी! तू माझं सांगणं चोरलंस, कळतंय का तुला? गाणी ने, पुस्तकं ने, पण हे एक माझं होतं रे!"

तो उठून उभा राहिला. हात पुढं केला, मग मागे घेतला. मी निघाले. मेणबत्तीवर फुंकर मारली नाही. उगाच त्याला आशा वाटायला नको.

घरी आले आणि जी शिट्टी झाली ती दोन दिवस थांबली नाही. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "पण बघ हं... त्याला माहीत होतं, तरी तो येतच राहिला ना?"

"ताई, तो 'तरी' आधी गिळून टाक. तरी म्हणजे काय? मी काय फुटकी बशी आहे, तरी ठेवून घेतली म्हणायला?"

आई आतून म्हणाली, "मुलगा वाईट नव्हता वाटत." मी आईवर पण भडकले. मग स्वतःवर भडकले, कारण त्या ऊन टॉवेलाची आठवण काही केल्या जात नव्हती.

रविवारी खातं बंद करायला बसले. बंद करायचं बटण त्यांनी पाताळात पुरलं होतं. सापडलं तेव्हा म्हणतात, 'तुम्हाला नक्की जायचं आहे का? आम्हाला तुमची आठवण येईल.' येणारच! माझ्याइतकी माझी आठवण तुमच्याकडेच तर आहे! मी ते दाबलं. वाचनालय गेलं, बसचा पास गेला, जमवलेली सगळी गाणी गेली. मग प्रत्येक ठिकाणी जाऊन वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. आई म्हणाली, "एवढे लक्षात कसे ठेवशील?" मी म्हणाले, "राग राहतो ना लक्षात? हेही राहतील." गटात नव्या नावानं, बिनफोटोची शिरले आणि घडलं ते सगळं सांगितलं. बायका अशा खवळल्या! एकीनं तर त्याचा पत्ता मागितला.

दिला नाही. का दिला नाही, यावर मी विचार केला नाही.

त्यानं फोन केला नाही, निरोप पाठवला नाही. आला तो एकद्वारचा मेल. 'आपल्या खात्यातील काही माहिती आमच्या एका कर्मचाऱ्याने विनापरवानगी पाहिली. सदर कर्मचाऱ्याने ही बाब स्वतःहून कळवली असून तो आता आमच्या सेवेत नाही. किरकोळ गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

किरकोळ! मी लॅबमध्येच टेबलावर मूठ आपटली, एक कवळी उडून खाली पडली. मग पुन्हा वाचलं. स्वतःहून. म्हणजे कुणाला काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. आता मला त्याची दया येणार, हे मला दिसत होतं, आणि ती मला अजिबात नको होती. मी फोन लावला.

"तुला हुतात्मा व्हायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

"मग का सांगितलंस त्यांना?"

"तुझी माफी मागायची आणि तिथं तोंड मिटून बसायचं... जमेना. मी उघडू शकलो म्हणजे तिथला कुणीही कुणाचंही उघडू शकत होता. तेही सांगितलं. आता उघडता येत नाही म्हणे. येत नसेल अशी आशा आहे."

मी फोन कानाला लावून उभी. राग होताच. पण ठेवायचा कुठं ते समजत नव्हतं.

"लॅबमध्ये ये," मी म्हणाले. "आत्ता. सगळे जेवायला गेलेत."

तो आला. धापा टाकत. आमच्या लॅबच्या भिंतीवर फळ्याच फळ्या आहेत आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, एकाशेजारी एक. नवा माणूस बिचकतो. तोही बिचकला.

"बस. कशाला हात लावू नकोस. आणि मी तुला माफ केलेलं नाही."

"माहीत आहे."

"पुन्हा 'माहीत आहे'!"

"नाही..." तो घाबरून म्हणाला. "नाही माहीत."

"हां. आता ऐक. तू जे पाहिलंस ते पाहिलंस, न पाहिल्याचं नाटक मला नको. पण तिथं काय होतं? गटाचं नाव आणि दवाखान्याची वेळ. बाकीचं कुठं होतं? ते मी सांगते."

आणि मी सांगितलं. याच टेबलावर एका आजोबांचे पुढचे दात मेणात बसवत होते, तेव्हा केसांचा पहिला पुंजका त्या मेणावर पडला. चिमट्यानं मी एकेक केस वेचून काढला, आजोबांचे दात पूर्ण केले, पाठवून दिले, आणि मग मोरीत नळ सोडून रडले. आई रोज त्या रिकाम्या डोक्याला तेल लावायची, केस असताना लावायची तेवढंच. ताई म्हणाली, मीही तुझ्यासाठी माझे केस उतरवते, तर मी तिच्याशी कडाकडा भांडले, कारण ती टकलातही माझ्यापेक्षा सुंदर दिसली असती.

तो हसला. मग दचकून थांबला.

"हस," मी म्हणाले. "इथं हसायचंच असतं."

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मी थांबले नाही.

"मला एकच भीती होती. की कुणाला तरी कळेल, आणि तो दयेनं गप्प बसेल, आणि मला पत्ताही लागणार नाही. तू नेमकं तेच केलंस."

"हो," तो म्हणाला. "मला वाटत होतं मी तुला सांभाळतोय. मी मलाच सांभाळत होतो. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलंच नाही."

"म्हणाले असते नाही. पहिल्या दिवशी तर नक्कीच."

"आणि नंतर?"

फार राग येत होता मला. त्याचा, त्या निळ्या बटणाचा, त्या उतावळ्या केकचा, आणि या गोष्टीचा की इतकं सगळं होऊनही तो समोर बसलाय तर मला बरं वाटतंय. आवडतो मला हा माणूस. आवडतो, काय करू! मी उठले, लॅबचं दार लावलं, मानेमागे हात नेला आणि विग काढून टेबलावर ठेवला. पंख्याचा वारा थेट डोक्याला लागला. घराबाहेर तो वारा मला पहिल्यांदाच लागत होता.

मी त्याच्याकडे पाहिलं, तर हा पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसलेला!

"आता तिकडे काय बघतोयस? जबडे काय बघायचेत?"

"तू अजून म्हणाली नाहीस," तो भिंतीकडे बघतच म्हणाला.

"काय म्हणाले नाही?"

"बघू का?"

मी मुठी आवळून उभी होते. त्याची पाठ ताठ होती, मान जराही वळत नव्हती. जेवायची सुट्टी संपत आली होती, बाहेर काकांच्या चपला वाजल्या, आणि तरीही तो तसाच बसून राहिला, माझ्या उत्तरासाठी.

"बघ," मी म्हणाले.

तो वळला. आणि मी, रागातच, त्याला हवा तेवढा वेळ बघू दिलं.